पिवळा, हिरवा, शेंदरी

चित्र भिंतीवर लागायच्या आतच ऑरिन बीलने ते विकत मागितलं.

"अहो, उद्या प्रदर्शन आहे. सगळ्यांसोबत या की," मिस केसलर हसून म्हणाल्या. दर वर्षी बंदरावर येऊन चित्रं काढणाऱ्या या बाईंना एरवी गिऱ्हाईक मिळायची मारामार.

चित्रात समुद्र म्हणजे राखाडी पट्टे, डोंगर म्हणजे दोन काळे त्रिकोण. मधोमध तीन फटकारे: पिवळा, हिरवा, शेंदरी. शेवंडीच्या पिंजऱ्यांवर तरंगणारे बोये, म्हणजे खुणेचे लाकडी तरंगे, इथला प्रत्येक कोळी आपापल्या रंगांत रंगवतो. दुसऱ्याचे रंग लावायची कुणाची छाती होत नाही. हे रंग लायलचे होते. लायल, अल्मेडाचा नवरा, सहा वर्षांपूर्वी वादळात बुडाला होता. आणि या रविवारी, म्हणजे परवाच, अल्मेडाचं ऑरिनशी लग्न व्हायचं होतं.

"जुनं दिसतंय चित्र," ऑरिन म्हणाला.

"छे हो! याच मे महिन्यातलं. खाडीपलीकडे, कॅनडाच्या किनाऱ्यावर बसून काढलंय."

"रंग मनाचे असतील. तुम्ही सगळंच तर मोडूनतोडून काढता."

"आकार मोडते मी. रंग मात्र डोळ्यांना दिसला तोच. त्यात लबाडी नाही."

झालं! म्हणजे लायल बुडालाच नव्हता.

ऑरिनने खिशात होतं नव्हतं ते बाईंच्या हातावर ठेवलं, चित्र पोत्यात गुंडाळलं आणि घरी येऊन तडक चूल पेटवली. स्वतःचीच लाज वाटत होती त्याला. पण अल्मेडा हातची जाण्यापेक्षा ही लाज बरी. चौकटीचं लाकूड मात्र काही केल्या तुटेना.

तेवढ्यात अल्मेडाच आत आली.

"अगं, दार तरी वाजवायचंस!"

"परवापासून माझंच घर, दार कसलं वाजवतेय? काय जाळतोयस एवढं घाईघाईने?"

त्याने पोतं ओढायच्या आत तिने चित्र उचललं आणि खिडकीशी नेलं. ऑरिन तिच्यामागे गेला.

"अल्मेडा, मी तुला सांगणारच होतो गं..."

"हिरवा फारच भडक दिसतोय," ती म्हणाली. "पुढच्या वेळी रंगाचा डबा पाठवताना जरा फिका बघून पाठवीन त्याला."