खांबाजवळचे भन्ते

धुराच्या यंत्राने अर्धा फलाट पांढरा करून टाकला होता. शिट्टी झाली तसे खोटे जखमी खोटंच कण्हू लागले, आणि सुरक्षा तुकडीतल्या चौघींनी एकेकाला उचलून जिन्याने वर न्यायला सुरुवात केली. सगळ्यात शेवटी उरले खांबाला टेकून बसलेले एक म्हातारे भन्ते, कालव्यापलीकडच्या विहारातले. चीवरावर, गळ्यात, पुठ्ठा अडकवलेला: 'पाय मोडला आहे.'

तुकडीची म्होरकी रांपाई स्ट्रेचर घेऊन धावत आली आणि दोन पावलं अलीकडे थबकली. मागच्या तिघीही थबकल्या. रांपाईने स्ट्रेचर खाली ठेवलं, गुडघे टेकले आणि हात जोडले.

"भन्ते, जरा उठून यावर बसता येईल का?"

"पाय मोडलाय ना माझा," भन्ते म्हणाले. "हे काय, लिहून दिलंय."

मागे एकीला हसू फुटलं. तिने ते कसंबसं गिळलं.

कामथोनसाहेबांनी हातातलं वेळ मोजायचं घड्याळ बंद केलं. मेट्रोचे ते तपासणी अधिकारी. आज त्यांची सही झाली, तर परवा स्टेशन सुरू. ते साओवनीकडे वळले. या स्टेशनाची संकटातून सुटकेची सगळी योजना तिने आखली होती, आणि ही तुकडीही तिनेच निवडली होती.

"साओवनी, सरावाला बसवायला भन्तेच सापडले का तुला? एखादा कारकून बसवायचास."

"कारकून रोज नाही येणार, साहेब. समोर विहार आहे. भन्ते याच फलाटावर गाडीची वाट बघणार."

"मग लिही ना योजनेत. भन्ते असतील तर पुरुष प्रवाशाने उचलावं."

"धुरात पळणाऱ्याची गचांडी धरून सांगू? थांब बाबा, तू पुरुष आहेस, हे ओझं तुझं?"

"फार बोलतेस." साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. "भन्तेंच्या व्रतात बाईचा स्पर्श वर्ज्य, या बायकांना त्यांना हात लावता येत नाही, हे तू आधी ओळखायचंस. ही तुकडी वर तिकीटखिडकीवर बसव. खाली मी पुरुष आणतो. सही त्यानंतर."

साओवनी रांपाईशेजारी खाली बसली.

"अगं, कालच्या सरावात तू तो ढेरपोट्या ड्रायव्हर एकटीने ओढलास ना?"

"ताई, ड्रायव्हरला कसलं आलंय व्रत?" रांपाई हसली नाही. आवाज मात्र खाली गेला. "माझा थोरला मुलगा या पावसाळ्याच्या वर्षावासात भिक्खू झालाय. भिक्षेला दारात येतो. मी पात्रात भात घालते आणि हात मागे घेते. किती वाळलाय बघायचं असतं, गालावरून हात फिरवायचा असतो. नाही फिरवत. पोटच्या पोराला शिवत नाही मी, आणि यांना धरू? माझ्यामुळे यांचं व्रत मोडलं, तर ते कुठे फेडू?"

 साओवनीही सणावाराला विहारात गुडघे टेकणारीच. आग, पाणी, बॉम्ब, चेंगराचेंगरी, सगळ्यांवर तिने उत्तरं काढली होती. भन्तेंना लागणारा बाईचा हात मात्र तिच्या योजनेत कुठेच नव्हता.

भन्ते ऐकत होते. विहारात ते धर्मकथा गायला बसले, की बायका पदर ओला करून घरी जात, असा त्यांचा गळा. त्याच गळ्यातून, अर्धं गात, अर्धं बोलत, ते म्हणाले, "व्रत माझं आहे, उपासिके. ते सांभाळायला मी समर्थ आहे. तू ते नको उचलूस. मला उचल."

रांपाईने वर पाहिलं.

"आणि आता माझी शुद्ध हरपली," असं म्हणून भन्तेंनी डोळे मिटले आणि अंग सैल सोडलं.

"भन्ते, तसं पुठ्ठ्यावर नाही लिहिलेलं," मागून एक कुजबुजली.

"धूर वाढलाय गं," भन्ते डोळे न उघडताच म्हणाले.

साओवनी उठली. "साहेब, घड्याळ काढा. पुन्हा पहिल्यापासून. वर गेलेले सगळे खाली या!"

"सगळे कशाला? एवढे भन्तेच राहिलेत."

"दमलेल्या हातांनी त्यांना उचलायचंय, साहेब. ताज्या हातांनी उचलून काय कळणार?"

भन्तेंसमोर आवाज चढवणं साहेबांच्याने होईना. त्यांनी घड्याळ काढलं.

पुन्हा धूर, पुन्हा शिट्टी, पुन्हा ते कण्हणं. चौघी वर गेल्या, खाली आल्या, वर गेल्या. कपाळाचा घाम डोळ्यांत उतरू लागला. आणि शेवटी पुन्हा तो खांब.

या वेळी रांपाईने हात जोडले नाहीत. "मी डोक्याकडे. तू पाय धर. मोडलेला खालून, दोन्ही हातांनी," ती म्हणाली, आणि तिने भन्तेंच्या खांद्यांखाली हात घातले. चीवराखाली नुसती हाडं होती. धरायला लावलेला जोर तिने निम्मा केला.

साहेबांनी आधी मान वळवली. मग काय वाटलं कोणास ठाऊक, पुढे धावत जिना चढून त्यांनी वरचं जड दार खांद्याने रेटून धरलं. घड्याळ हातात टिकटिकत होतं.

जिन्याच्या वळणावर मागच्या दोघींनी घाई केली आणि स्ट्रेचर कललं.

"हिसका नको गं!" रांपाई ओरडली. भन्तेंचं घरंगळणारं पांढरं डोकं तिने तळहातावर झेललं आणि तसंच धरून ठेवलं. "पाय उचला, पण जपून. कुणाचं तरी लेकरू आहे."