नमुन्याचं हळकुंड

वसमतच्या हळदपेढीत मकबूलचाचा बावीस वर्षं मालाची चलनं लिहीत, लिफाफ्यात नमुन्याचं हळकुंड घालत. सांगलीच्या कंपनीतले, कधीच न भेटलेले कारकून खोत ते मोडून हुंगत आणि पोचपावतीमागं पेन्सिलीनं लिहीत, "वास झकास. गुडघा कसाय?" आज पहिलं चलन कॉम्प्युटरवरून गेलं. चाचांनी सवयीनं हळकुंड उचललं, तोवर पोचपावती आलीसुद्धा. "खोतांनी वाचलं तरी का?" "तिथं कोनीच बसत न्हाई, चाचा. मशीनच घेतंय, मशीनच उत्तर देऊन राहिलं," ऑपरेटर दिपा म्हणाली. चाचा थकून खुर्चीत टेकले. खोतांच्या घरचा पत्ता विचारायचाच राहिला होता. "तरी शेऱ्यात लिव बेटा, गुडघा बराबर हाये, तुमी कसे?" दिपानं लिहिलं. क्षणात पुन्हा तीच पोचपावती आली. "खोत म्हणतेत, वास झकास," ती पडद्याकडंच बघत म्हणाली. चाचांनी अजून मुठीतच असलेलं हळकुंड खिशात टाकलं.