दहा खुणा

"वर्षाला पाच मिलिमीटर!" दाराच्या चौकटीवरची मोजपट्टी काढत ती म्हणाली. "नदीवरच्या मोजणीत निघाले, अगदी तेवढेच."

भाऊ दोन महिन्यांच्या लेकीला खांद्यावर घेऊन उभा होता. आकड्यांशी त्याला देणंघेणं नव्हतं. गल्ली खाली करावी लागणार की नाही, एवढंच त्याला हवं होतं. ते ताईच्या अहवालावर ठरणार होतं, आणि ताई मोठी भूशास्त्रज्ञ असली तरी शेवटी याच घरची पोर.

घरामागे नदीच्या पाच पायऱ्या होत्या. जमीन उचलली जाते, नदी खोल जाते आणि जुना काठ पायरीसारखा वर राहतो. घराखालून जाणारी जमिनीतली भेग त्या पायऱ्यांना चिरत गेली होती. सगळ्यात वरची पायरी दहा हजार वर्षांत पन्नास मीटर बाजूला सरकली होती. महिनाभर उन्हात राबून तिनं हे शोधलं, आणि मग तिला बाबांचं दार आठवलं.

दार दरवर्षी अडायचं. सुताराच्याच घरचं दार वाकडं, म्हणून गल्ली हसायची. बाबा शिव्या घालत रंधा मारायचे आणि चौकट किती सरकली त्याची ती पेन्सिलीनं खूण करायची. खालची भेगच चौकट ओढत होती, हे तिला आता कळलं. दहा वर्षांच्या दहा खुणा, पाच सेंटिमीटर. ती शिकायला गेली आणि खुणा थांबल्या. करणारंच कोणी उरलं नव्हतं.

"भेग अशी थोडी थोडी सरकत राहिली तर भीती नाही," ती भावाला म्हणाली. "अडून बसली, तर जोर साठत जातो. मग एके दिवशी सगळा एकदम सुटतो."

"म्हणजे बाबांसारखीच. रोज कुरकुर करतात, म्हणून बरं."

ती मनापासून हसली. तिचा जीव भांड्यात पडला होता. तिथंच ओट्यावर कागद ठेवून तिनं 'धोका नाही' या शब्दांखाली सही केली.

तेवढ्यात बाबा काठी टेकत बाहेर आले.

"काय बाबा, यंदाचा रंधा मारून झाला का?" तिनं विचारलं.

"रंधा? तो केव्हाच गंजला गं. तू शिकायला गेलीस ना, त्या वर्षापासून दार एकदाही अडलं नाही. तीस वर्षं झाली. घर बसलं एकदाचं."

बाबांनी कौतुकानं एका बोटानं दार ढकललं. ते आवाज न करता लागलं.