साडूचा सीडी प्लेअर

तुम्ही विश्वास ठेवणार नाहीच, पण साडूवर मी असा सूड उगवलाय की त्याला अजून पत्ता नाही. माझ्या टेपरेकॉर्डरला तो चारचौघांत ‘पत्र्याचा डबा’ म्हणाला होता. बारा वर्षं मी ते पोटात ठेवलं. मग त्याने सेकंडहँड, पण भारीतला सीडी प्लेअर घ्यायचं ठरवलं आणि पारखायला मलाच नेलं. दुकानात दोन होते. ओरखडे पडलेली सीडी लावली की थकलेला लेसर लगेच अडखळतो, म्हणून मी मुद्दाम करकरीत नवी लावली आणि त्यातला थकलेलाच त्याच्या गळ्यात मारला. आता रोज तिसऱ्या गाण्याला त्याच्या घरी उचक्या लागतात! एवढ्यात बायको आतून ओरडली, “अहो, भावोजींनी दुकानात घरून ओरखड्यांची सीडी नेली होती. त्यांचा छान वाजतो. त्यांनी नाकारलेला तुम्हीच हट्टाने आपल्या घरी आणलात. उचक्या थांबवायला सकाळी त्यालाच थोपटत होतात ना?”