सहाच तास
बसस्थानकावर गाड्यांची वेळापत्रकं आखण्यात उभा जन्म गेलेल्या बाबांना मी सकाळपासून चौथ्यांदा तेच समजावत होतो. ताईकडे जायचं माझं विमानाचं तिकीट ते हातातून सोडत नव्हते. "सकाळी नऊला सुटतं, दुपारी तीनला पोचतं. सहा तास," ते म्हणाले. "बाबा, तेरा हजार किलोमीटर आहे. सोळाएक तास लागतात. तिथलं घड्याळ दहाएक तास मागे असतं, म्हणून तसं दिसतं." "आणि परत येताना दुपारी तीनला सुटून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला? ते सव्वीस झाले. छापलेलं खोटं असतं का?" मी कपाळाला हात लावला. ताई बाबांशी भांडून तिकडे गेली त्याला कितीतरी वर्षं झाली. तिनेच यावं, आपण तिच्या दारात पाय ठेवणार नाही, हा बाबांचा हेका. आणि ताई त्यांचीच लेक. दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवून मी मेटाकुटीला आलो होतो. "तुम्हाला काय समजायचं ते समजा," मी वैतागून म्हणालो. बाबांनी तिकिटाची नीट घडी घातली. "तिला यायला सव्वीस तास, मला जायला सहाच. पोरीला कशाला एवढी दगदग? मीच जातो. माझंही तिकीट काढ." सोळा तासांचं पुन्हा सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात दारामागे त्यांची भरलेली बॅग दिसली, वर नवाकोरा पासपोर्ट ठेवलेला. "बरोबर आहे, बाबा," मी म्हणालो. "सहाच तास."