बाईंचा आवाज

"सांगा, समुद्राचं काय होतंय?" वृंदा तांडेलबाईंनी नववीच्या वर्गाला विचारलं.

"वर चढतोय, बाई," अर्धा वर्ग म्हणाला.

"आहे तिथेच आहे, बाई," उरलेला म्हणाला.

बाईंना दोन्ही उत्तरं बरोबर धरावी लागत. पालकसभेत याच प्रश्नावरून खुर्च्यांची फेकाफेक झाली, तेव्हापासून वर्गात प्रत्येक मुलाच्या कानात शाळेचं यंत्र असे. बाई शिकवत एकच धडा. यंत्र तो पालकांच्या पसंतीप्रमाणे बदलून, बाईंच्याच आवाजात ऐकवी.

"आहे तिथेच" म्हणणाऱ्यांत तिसऱ्या बाकावरची ईशानी होती, बाईंची स्वतःची मुलगी. पसंती तिच्या बाबांनी, सुधाकरने कळवली होती. तेव्हा भांडायचं वृंदाच्या अंगात त्राण नव्हतं.

संध्याकाळी घरी चहा पुन्हा नासला. खाडीकाठची त्यांची विहीर हल्ली खारट झाली होती. वृंदाने पातेलं मोरीत ओतलं.

"आई, पाणी असं का झालं गं?" ईशानीने विचारलं.

"आज वर्गात तेच तर शिकवलं."

"नाही. तू म्हणालीस, विहिरी गोड्याच आहेत."

वृंदा पाट ओढून तिच्यासमोर बसली. "मी नाही म्हटलं तसं, बाळा."

सुधाकरने मोबाइलमधून मान वर काढली नाही. "घरात शाळा नको हां, तांडेलबाई."

"शाळेत बाई असते ती, बाबा. इथे आई आहे," ईशानी आईला खेटून बसत म्हणाली. "सांग गं."

दिवसभर बोलून बसलेला घसा वृंदाने खाकरला आणि ती पहिल्यापासून सांगू लागली.