चढणारा आकडा

प्रज्योत टेबलाजवळ आला की मीटरवरचा आकडा चढतो, हे शलाकाच्या चौथ्यांदा लक्षात आलं. अ‍ॅसिटोनची वाफ ओळखणारी सिरॅमिकची चकती तिने दोन वर्षं खपून घडवली होती. शेजारच्या टेबलावर तोही त्याच कामात होता, आणि विभागातली एकुलती एक नोकरी ज्याचा शोधनिबंध आधी छापून येईल त्याला मिळणार होती.

त्या दुपारी तिने अ‍ॅसिटोनच्या साऱ्या बाटल्या कपाटात कोंडून किल्ली पर्समध्ये टाकली. तो आला, घटाघट पाणी प्यायला आणि वाकून तापलेल्या चकतीकडे बघू लागला. आकडा चढलाच.

"हातात काय आहे तुझ्या? दाखव!"

त्याने रिकामे तळवे पुढे केले. "अगं, मी कशाला तुझ्या कामात खोडा घालू?" तो धापा टाकत म्हणाला. त्याच्या श्वासाला सडक्या फळासारखा गोडूस वास होता. शर्ट खांद्यांवरून लोंबत होता. साखर बेफाम वाढली की श्वासातूनच अ‍ॅसिटोन येतं, हे तिला आठवलं.

"इतकी तहान कधीपासून लागतेय तुला?"

"महिना झाला. का गं?"

तिने त्याला तसाच रिक्षात घातला. दवाखान्यात साखर पाचशेच्या वर निघाली.

"उद्यावर टाकलं असतं तर जिवावर बेतलं असतं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या कसं लक्षात आलं?"

शलाकाने सलाईन लावलेल्या प्रज्योतकडे पाहिलं.

"मी याच्यावर पाळत ठेवून होते," ती खाली मान घालून म्हणाली.